कार्डावरचे आकडे

नारीनच्या डोंगरांत बुरुलचा नावाच्या सुईणीच्या हाताची ख्याती होती आणि ती तिच्या डोक्यात गेली होती. सगळे तिला एजे, म्हणजे ताई, म्हणायचे. सव्वीस वर्षं ती पोटावर हात ठेवून महिने सांगायची. पोट मोजायची टेप पिशवीतच राहायची.

गरोदर आयझिरेकच्या घरी तर टेप बाहेर निघालीच नाही. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि गेल्या गेल्या सासू सायरागुलने दुधाचा चहा, तळलेले बोरसोक नि मुरंबा पुढे केलेला. सुनेच्या अंगात जाड बंडी, खाली लोकरीचा झगा. पोरीला कशाला उघडी करा, म्हणत बुरुलचाने वरूनच हात फिरवला. जितके आठवडे तितके सेंटिमीटर पोट भरायला हवं. चहा पिता पिता तिने तपासणीच्या कार्डावर तोच आकडा टाकला: तिसाव्या आठवड्याला तीस, बत्तिसाव्याला बत्तीस. झगा अजून सैलच आहे, असं पोरगी एकदा म्हणाली, ते हिने हसण्यावारी नेलं.

चौतिसाव्या आठवड्यात तिघी इस्पितळात सोनोग्राफीला आल्या. डॉक्टर मेदेरने दोनदा मोजलं. बाळ तीस आठवड्यांएवढंच दिसत होतं. मग त्याने कार्ड पाहिलं आणि तो निवांत झाला. यंत्र जुनं आहे, एजेंची नोंद चुकायची नाही, दोन आठवड्यांनी या, म्हणाला. सायरागुल शाल गुंडाळू लागली.

 बुरुलचा गप्प बसली तर तिची अब्रू वाचत होती. पण न वाढणाऱ्या बाळाचं दोन आठवड्यांत काय होऊ शकतं, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"यंत्र बरोबर आहे," ती म्हणाली. "ते आकडे मी मोजले नाहीत. मनाने लिहिलेत."

मेदेर रागावला नाही, त्याचीच तिला जास्त लाज वाटली. त्याने टेप लावली. एकोणतीस. आजच भरती, नाळेतला रक्तप्रवाह तपासायचा, बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं, ठोक्यांवर रोज लक्ष. कदाचित बाळंतपण लवकर करावं लागेल.

"आमच्या घरचा चहा गोड लागला म्हणायचा," सायरागुल म्हणाली आणि बाकावर लांब सरकली.

आयझिरेक खाटेवर बसून फोनकडे बघत होती. "एजे, ते मॉस्कोत कामाला आहेत. दर वेळी तुमचा आकडा मी त्यांना कळवते. ते खोलीतल्या सगळ्या सोबत्यांना सांगतात. आता मी काय सांगू?"

"लाव फोन. मी बोलते."

दोन रिंगांत फोन उचलला गेला. बुरुलचाचा आवाज ओळखून आयझिरेकचा नवरा खुशीतच म्हणाला, "एजे, या वेळी किती भरलं?"