तिचा ङ

मिस्त्रींनी शिलाई मशीन आडवं केलं, खालून बॉबिनची केस काढली आणि तोंडातल्या तोंडात म्हणाले, "च."

"च नाही, बाबा. च्च." थोरल्या सुनेनं जीभ दातांमागे लावून झटक्यात सोडली. "दूध उतू गेलं की आई करायच्या तसं."

स्टुलावर बसलेली धाकटी हसली. ती अजून सून व्हायची होती, लग्न रविवारी होतं. तिला मराठीचे मोजकेच शब्द येत. त्यातला एक मात्र या दुकानात पक्का झाला होता.

"बाबा, परत."

धाकटीची भाषा झुलू. तिला आजीनं वाढवलं होतं आणि आजीला झुलूशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. लग्नाला आजी येणार म्हटल्यावर धाकटीनं एकच गोष्ट मागितली: सासरच्या कुणीतरी आजीशी तिच्या भाषेत बोलावं, म्हणजे आपली नात परक्यात पडली असं तिला वाटणार नाही. त्यावर धाकटा मुलगा पटकन बोलून गेला, "आई असती तर..." आणि जेवता जेवता सगळेच थांबले. मिस्त्रींनी हातातला घास ताटात ठेवला.

"मी बोलेन," ते म्हणाले.

बोलणं हे घरात बायकोचं काम होतं. थोरली फिलिपिनो बोलणाऱ्या घरातली. तिच्या लग्नात बायको भर हॉलमध्ये उभी राहून तिला म्हणाली होती, "ङायोन, अनाक ना किता." आता तू माझं लेकरू झालीस. महिनाभर इस्त्री करताना ती तेच घोकत होती. तरी सुरुवातीचा ङ तिला शेवटपर्यंत आला नाही. दर वेळी त्याला ग चिकटायचा. मुलीकडचे लोक डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले आणि मग एकेकानं येऊन तिला मिठी मारली. मिस्त्री तेव्हा शेजारच्या खुर्चीत बसून होते. त्यांच्या वाटचंही तीच बोलायची. आता तिची खुर्ची रिकामी होती.

"आमचा ङ नुसता नाकातला," थोरली म्हणाली. "आधी तो म्हणा. आला? आता त्याला ग लावा. झाला ह्यांचा. आईंची चूक होती ना, बाबा, ती झुलूत बरोबर आहे."

"म्हणजे बाई भलत्याच लग्नात बोलली."

थोरलीनं ते धाकटीला सांगितलं. दोघींना समजेल अशी तिसरीच एक भाषा त्यांच्यात होती. मग दोघींचं सुरू झालं. तुमच्यात असं आहे का, आमच्यात तसं आहे. मिस्त्री स्क्रू पिळत ऐकत राहिले. मधूनमधून थोरली त्यांना मराठीत सांगायची. झुलूत मुख्य शब्दाचं तोंड, म्हणजे सुरुवात, जसं असेल तशीच त्याच्याशी जोडलेल्या शब्दांची तोंडं करावी लागतात.

"कापडाला मॅचिंग धागा," मिस्त्री म्हणाले.

"हो, तसंच. आणि आम्ही कधी कधी शब्दाच्या मधेच तुकडा घालतो."

"रफू."

"आणि बाबा, ऐका. तो आणि ती असं वेगवेगळं आमच्याकडे नाही. त्यांच्याकडेही नाही! दोघांना एकच शब्द."

"मग नवरा-बायकोच्या भांडणात कोण कोणाला काय म्हणालं, ते शेजाऱ्यांना कळतं कसं?"

"घरात येऊन विचारतात," थोरली म्हणाली. धाकटीला ते समजावून सांगेपर्यंत हसून हसून तिलाच ठसका लागला.

शनिवारपर्यंत दुकानात येणाऱ्या प्रत्येकानं विचारलं, "मिस्त्री, दात दुखतोय का?"

रविवारी पहिल्या रांगेत मिस्त्रींच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. ती सोडा असं कुणी सांगितलं नव्हतं. दोन वेळा पाहुण्यांनी तिच्या पाठीला हात लावला आणि पुढे गेले. पलीकडच्या बाजूला, खांबाजवळ, धाकटीची आजी दोन्ही हात काठीवर ठेवून बसली होती. तिच्या आजूबाजूला सगळे बोलत होते आणि ती समोर बघत होती.

मिस्त्री उठले. त्यांनी खिशातून चिठ्ठीबिठ्ठी काही काढली नाही.

"गोगो," ते म्हणाले. म्हणजे आजी. ती वळली.

पुढचा शब्द त्यांनी सुरू केला आणि मधेच च्चच्या जागी साधा च पडला. ते थांबले. धाकटा मुलगा खाली मान घालून बुटाकडे बघू लागला.

"बाबा," स्टेजवरून नवरी म्हणाली, "परत."

बॉबिनची केस नीट बसली की बोटाला कळतं, तशी जीभ दातांमागे बसली.

"गोगो, ङ्गिच्चेला उह्लाले लाफा." त्यांनी शेजारच्या खुर्चीवर हात ठेवला. आजी, कृपा करून इथे बसा.

आजी काठी टेकत उठली. कुणी हात द्यायला आलं, त्याला तिनं कोपरानं बाजूला केलं. सगळा हॉल ओलांडून ती आली, खुर्चीत बसली आणि मिस्त्रींचं मनगट धरून भराभर बोलू लागली. मिस्त्रींना त्यातला एकही शब्द कळला नाही. ते प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. नवरी स्टेजवरून दोन्ही हात वर करून ओरडली आणि मग टाळ्यांत कुणाचंच काही ऐकू येईना.

टाळ्या थांबल्या तरी मिस्त्री उभेच होते. त्यांनी मागच्या रांगेत थोरलीला शोधलं.

"ङ्गायोन, अनाक ना किता," ते म्हणाले.

थोरली कडेवरच्या लेकराला नवऱ्याच्या हातात देऊन पुढे आली.

"बाबा, तुम्हाला तो नुसता ङ येतो," ती म्हणाली. "दुकानात मी ऐकलाय."

"येतो की."

"मग?"

"वाक्य तिचं आहे ना," मिस्त्री म्हणाले. मग ते खाली बसले आणि आजीची घसरणारी काठी त्यांनी आपल्या गुडघ्याला टेकवून ठेवली.