सैल पट्टा

"अहो, याला उभं करायचंय की बसवायचंय?" प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि त्या चक्क हसल्या.

दवाखान्याच्या फरशीवर दीड वर्षाचा, चाळीस किलोचा कुत्रा झोळीत ऐसपैस बसला होता. पुढचे पाय जमिनीवर, मागचे लोंबते, आणि कंबरेचा सगळा भार पोटाखालच्या झोळीवर. मागे उभा राहून झोळीचे दोन्ही पट्टे वर ओढून धरणारा सीटवाला घामानं निथळत होता. कुत्र्याच्या तोंडावर मात्र बसमध्ये खिडकीची जागा मिळाल्याचं समाधान होतं.

"पोटाला रुतू नये म्हणून थोडा फोम घातलाय," सीटवाला म्हणाला.

"थोडा?" बाईंनी बोटानं झोळी दाबून पाहिली. "दोन इंच तरी असेल. मलाच बसावंसं वाटतंय यात."

त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? चाळीस वर्षं त्यानं जे जे शिवलं ते माणसांनी बूड टेकावं म्हणून. स्कूटरच्या सीटा, बसची बाकं, न्हाव्याची खुर्ची, एकदा तर दातांच्या डॉक्टरची सुद्धा. गावातली निम्मी माणसं त्याच्या शिवणीवर बसत होती आणि कुणालाही त्याचं नाव आठवत नव्हतं. आता जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी उभं करायचं होतं, आणि त्यानं सवयीनं सीटच शिवली होती. कडेला दुहेरी टाका, वर गोट.

"मऊ लागलं की तो पाय टेकणारच नाही," बाई म्हणाल्या. "दर आठवड्याला अर्धा इंच काढत चला. शेवटी नुसता पट्टा राहू दे, तोही हळूहळू सैल सोडा. भार त्याच्या पायांवर गेला की तुमचं काम संपलं."

काम संपलं, हे त्यांनी अगदी आनंदानं सांगितलं.

कुत्रा खरं तर मुलीचा. तिनं पिल्लू आणलं, त्याला काहीतरी नाजूक नाव ठेवलं आणि वर्षाच्या आत नोकरीसाठी परगावी निघून गेली. पिल्लू असं काही वाढलं की ते नाजूक नाव त्याला तोकडं पडायला लागलं. मग सगळे त्याला धुड्या म्हणू लागले. खायला सीटवाल्याची बायको घालायची, अंघोळ सीटवाला घालायचा, आणि धुड्याचा जीव मात्र वरच्या मजल्यावरच्या काकावर. काका म्हणजे सीटवाल्याचा धाकटा भाऊ. त्यानं करायचं काय, तर संध्याकाळी खाली यायचं, एक टोस्ट मोडून द्यायचा आणि कान खाजवायचे. तेवढ्यावर धुड्या दिवसभर जिन्याकडे डोळे लावून बसायचा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, असं सीटवाल्याचं जुनं मत होतं.

अपघातही त्याच्यापायीच झाला. धाकटा रस्त्यापलीकडे वाण्याच्या दुकानात उभा होता. गेट उघडं होतं. त्यानं तिथून मजेत हाक मारली, "धुड्या!" आणि धुड्या सुटला. टेम्पोवाल्यानं ब्रेक दाबला, पण उशीर झाला होता.

सीटवाला मशिनवरून उठून धावला. त्यानं धुड्याला रेक्झिनच्या तुकड्यावर सरकवलं, उचललं, रिक्षात घातलं. धाकटा पलीकडेच उभा राहिला होता, हातात साखरेची पुडी घेऊन. "दादा, मला रक्त बघवत नाही रे," एवढं म्हणाला आणि वर निघून गेला. ऑपरेशन करून मांडीच्या हाडात सळई बसवली, कंबरेच्या हाडाला दोन तडे गेले होते, पाठीतल्या मज्जारज्जूला धक्का बसला होता. चालेल की नाही ते सहा आठवड्यांनी कळेल, असं बाई म्हणाल्या.

ते सहा आठवडे सीटवाल्यानं अंगावर घेतले. दुकान घराच्या पुढच्याच खोलीत, त्यामुळे शिलाई मशीनच्या शेजारी धुड्याची गादी पडली. दर दोन तासांनी कूस बदलायची, खालचं ओलं काढायचं, पुसायचं, दोन्ही मागच्या पायांचा प्रत्येक सांधा वीस वेळा दुमडायचा आणि सरळ करायचा. सकाळ-संध्याकाळ झोळी घालून अंगणात गेटपर्यंत आणि परत. सीटा शिवायच्या राहिल्या, गिऱ्हाइकं कुरकुरली. बायको म्हणाली, "माझे गुडघे दुखतात तेव्हा एकदा तरी दुमडून दिलेत का असे?" तो म्हणाला, "तू उठून चालतेस की." यावर ती दोन दिवस बोलली नाही.

आणि एवढं करून धुड्याचं तोंड कुणीकडे? जिन्याकडे.

झोळी धरणारा माणूस मागे असतो. त्याला दिसते ती शेपूट, तिच्या वर पाठीवरचा केसांचा भोवरा आणि टाक्यांची लांब रेघ. सीटवाल्याला धुड्याची पाठ आपल्या तळहातासारखी पाठ झाली होती. संध्याकाळी धाकटा खाली यायचा, तिसऱ्या पायरीवर बसायचा. हाक नाही की हात नाही, नुसता टोस्ट हातात धरून बसायचा. की इकडे शेपूट फटाफट सीटवाल्याच्या मनगटावर आपटायची. दिवसभरात सीटवाल्यासाठी ती एकदाही अशी हलली नव्हती. सीटवाल्याच्या पोटात काहीतरी जळायचं. साठीला आलेल्या माणसानं कुत्र्यावरून सख्ख्या भावाचा हेवा करावा, ही काही सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. म्हणून तो ती कुणाला सांगत नव्हता आणि रोज जळत होता.

त्या जळण्याला जुनं सरपणही होतं. मुलीचा फोन आला की ती म्हणायची, "बाबा, काकाला सांगा ना धुड्याला चालायला शिकवायला. मला सायकल नाही का त्यानंच शिकवली!" तिला खरंच तसं वाटत होतं. सायकलचं कॅरिअर धरून महिनाभर मागे पळणारा बाप तिला कधी दिसलाच नव्हता. गल्लीच्या टोकाला हात पसरून उभा असलेला काका तेवढा दिसला होता. तेव्हाही सीटवाला काही बोलला नव्हता. आता काय बोलणार?

दर रविवारी तो झोळीची शिवण उसवून अर्धा इंच फोम काढी आणि पुन्हा टाके घाली. दोनाचा दीड झाला, दीडाचा एक, एकाचा अर्धा. धुड्या आधी कण्हला, मग पाय घासत ओढायला लागला, मग पंजा टेकायला लागला. चौथ्या रविवारी उरलेला अर्धा इंच काढायचा होता. सीटवाल्यानं कात्री घेतली, झोळी उलटीसुलटी केली आणि तशीच खुंटीला टांगली.

त्यानंतरच्या मंगळवारी ते झालं. सकाळी गेटपाशी वळताना हातातलं वजन एकाएकी गेलं. आधी त्याला वाटलं पट्टा निसटला. बघतो तर पट्टा जागच्या जागी, पण सैल. धुड्या आपल्या चार पायांवर उभा होता. मागचा डावा थरथरत होता, तरी उभा होता.

अशा वेळी माणूस ओरडतो, बायकोला हाक मारतो, गल्ली गोळा करतो. सीटवाल्यानं इकडेतिकडे पाहिलं. अंगणात कुणी नव्हतं. आता हा चालणार, म्हणजे जिन्याशी जाणार, आज ना उद्या जिनाही चढणार. मग मशिनशेजारी गादीची गरज नाही, सांधे दुमडायची गरज नाही, आपलीही गरज नाही. त्यानं पट्टे पुन्हा वर ओढले आणि पूर्वीसारखाच कण्हत, वाकत धुड्याला आत नेलं.

पुढचे अकरा दिवस त्यानं हेच केलं. धुड्या चालायचा आणि सीटवाला उचलल्याचं सोंग करायचा. इतकं मन लावून आयुष्यात त्यानं दुसरं सोंग केलं नव्हतं. रोज उद्या सांगू म्हणायचा, आणि संध्याकाळी धाकटा पायरीवर येऊन बसला की पट्टे आणखी घट्ट आवळायचा.

शनिवारी दुपारी बाईंचा फोन आला.

"सहा आठवडे होऊन गेले. भार घेतोय का?"

"अजून नाही," सीटवाला म्हणाला.

"मग काहीतरी चुकतंय. सळई सरकली असणार. सोमवारी उपाशी पोटी आणा. उघडून बघावं लागेल."

"उघडून म्हणजे?"

"म्हणजे परत चिरून. दुसरा इलाज दिसत नाही मला."

त्यानं फोन ठेवला. दारात बायको उभी होती. फोनचा आवाज मोठा होता, आणि तिनं सगळं ऐकलं होतं. ती आत आली, खुंटीवरची झोळी काढली, झोपलेल्या धुड्याला हलवून उठवलं आणि त्याच्या पोटाखाली घातली.

"उचला," ती म्हणाली.

त्यानं पट्टे धरले. धुड्या उठला. बायकोनं पोट आणि झोळी यांच्यामध्ये आपला आख्खा हात घातला. तो आरपार गेला.

"किती दिवस?"

सीटवाला धुड्याच्या पाठीवरच्या भोवऱ्याकडे बघत राहिला.

"आठवडाभर बघतेय मी," ती म्हणाली. "तुम्ही आतबाहेर करता आणि कपाळाला घामाचा थेंब नाही. मला वाटलं, अंगात ताकद आली म्हाताऱ्याच्या. किती दिवस, म्हणते?"

"अकरा."

"आणि त्या बाईंना सांगता भार घेत नाही? परत चिरतील हो त्याला! परवा चिरतील!"

"मी सांगणार होतो."

"कधी? चिरल्यावर?"

मग त्याच्यानं राहवलं नाही. "चालायला लागला की जाईल तो," तो म्हणाला. "वर. त्याच्याकडे. हगणं-मुतणं काढलं मी, कूस बदलली मी, आणि हा जाणार टोस्टवाल्याकडे. सगळे तिकडेच जातात. लहानपणी आई तशी, नंतर आपली पोरगी तशी. हा एवढा एक अडकला होता माझ्याजवळ, तो उठता येत नव्हतं म्हणून." बोलता बोलता त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला, आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

बायको गादीच्या कडेला बसली. तिचा राग उतरला होता असं नाही, पण आवाज उतरला.

"जाईल," ती म्हणाली. "जाईल तर जाऊ दे. पण एक सांगा, दीड महिन्यात भाऊजींनी एकदा तरी हाक मारलीय का याला?"

सीटवाला आठवू लागला. तिसरी पायरी, हातातला टोस्ट, खाली घातलेली मान. हाक काही आठवेना.

"रोज येतात, बसतात, टोस्ट तसाच घेऊन वर जातात. मी विचारलं एकदा. म्हणाले, वहिनी, हाक मारायला तोंड उघडतो आणि तो टेम्पोच दिसतो. आवाजच निघत नाही." ती उठली. "तुम्हाला मागून याची शेपूट दिसते, तसं त्यांना पुढून याचं तोंड दिसतं. तेही काही सोपं नसणार."

सीटवाला मशिनपाशी बसला. त्यानं झोळीची शिवण उसवली, उरलेला अर्धा इंच फोम ओढून काढला आणि तो टोपलीत टाकला. मग बाईंना फोन लावला. "माझी चूक झाली," तो म्हणाला. "भार घेतोय तो. अकरा दिवस झाले." बाई जे बोलल्या ते त्यानं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही "पण" म्हटलं नाही.

संध्याकाळी धाकटा खाली आला आणि तिसऱ्या पायरीवर बसला. सीटवाल्यानं आधी जाऊन गेट लावलं, कडी घातली, ती हलवून पाहिली. मग धुड्याला अंगणाच्या मधोमध आणलं. नुसत्या कापडाची झोळी आता पोटाला रुतत होती. धुड्या जिन्याकडे बघत होता, शेपूट मनगटावर आपटत होती.

"छोट्या," सीटवाला म्हणाला. या नावानं त्यानं भावाला कित्येक वर्षांत हाक मारली नव्हती. "खाली ये, पायरीवर नको. आणि हाक मार याला."

धाकट्याचा चेहरा उतरला. "नको दादा."

"मार म्हणतो ना."

"दादा, मी हाक मारली म्हणूनच तर..."

"मध्ये रस्ता नाही आता. गेट लावलंय मी. मार."

धाकटा जिना उतरून खाली उभा राहिला. त्यानं दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. तिसऱ्यांदा आवाज फुटला तो अगदीच चिरका. "धुड्या!"

सीटवाल्यानं दोन्ही पट्टे सोडून दिले. झोळी धुड्याच्या पोटाखालून घसरली. धुड्या तिच्यावरून पाय टाकून पुढे गेला. डावा पाय बाहेर फेकत, कंबर एका बाजूला झोकत, पण गेला. अंगण बारा पावलांचं होतं. मध्ये तो एकदा कलंडला, तेव्हा सीटवाल्याचा गुडघा वाकला आणि हात झेपावला, पण जागचा तो हलला नाही. धुड्यानं स्वतःला सावरलं, उरलेली पावलं जवळजवळ पळत टाकली आणि आपलं थोरलं डोकं धाकट्याच्या पोटात खुपसलं.

धाकटा मटकन खाली बसला. टोस्ट कुठेतरी पडला. कुत्र्याच्या मानेत तोंड घालून तो रडत होता आणि हसतही होता. "दादा, बघितलंस? माझ्या हाकेला आला रे! आपला आपण आला!"

"आला ना," सीटवाला म्हणाला.

पोटातलं जळणं काही थांबलं नव्हतं. ते इतक्यात थांबणारही नव्हतं, हे त्याला माहीत होतं. तो तिथेच उभा राहून त्या दोघांकडे बघत राहिला. धुड्याचं तोंड त्याला आजही दिसत नव्हतं. दिसत होती ती पाठच, भोवरा आणि टाक्यांची रेघ. रेघेवर आता बारीक केस उगवले होते.

बायको कधी शेजारी येऊन उभी राहिली ते त्याला कळलं नाही.

"अहो," ती हळूच म्हणाली, "हात खाली घ्या."

त्यानं पाहिलं. झोळी केव्हाच जमिनीवर पडली होती. त्याच्या दोन्ही मुठी मात्र मांड्यांपासून वीतभर पुढे, घट्ट आवळलेल्या, चाळीस किलोंचं वजन तोलल्यासारख्या तशाच धरलेल्या होत्या.