मोठाच घ्या म्हणाले, तो मी

मी बोलतोय. इकडे, खिडकीजवळच्या टेबलावर. पंख्यांची घरघर ऐकू येतेय ना, तोच मी. गेमिंगचा लॅपटॉप. अंगाने आडदांड, स्वभावाने तापट. जरा काम पडलं की माझं डोकं गरम होतं. पण आज मी शांतपणे सांगणार आहे, कारण या घरात आवाज चढवून काही उपयोग होत नाही हे मला कळून चुकलंय.

जन्म कारखान्यातला. ज्या बाईनं माझ्या पाठीवर शेवटचा स्क्रू पिळला, तिनं माझ्याकडे धड पाहिलंसुद्धा नाही. ती शेजारणीला आपल्या दातदुखीबद्दल सांगत होती. तिथून खोक्यात, आणि खोक्यातून दुकानात.

दुकानात मला मधल्या टेबलावर मांडलं. भिंतीकडे महागडे बसायचे, दाराशी स्वस्तातले, आणि मधे आम्ही, बेताच्या बजेटचे. आमचं दुखणं वेगळंच असतं. एक काही चांगलं दिलं की त्याची भरपाई म्हणून दुसरं काहीतरी काढून घेतात. मला भला मोठा स्क्रीन दिला आणि त्याचा उजेड कमी केला. ग्राफिक्स कार्ड दिलं, पण त्याला पोटभर वीज दिली नाही. मेमरी निम्मीच. आणि हे सगळं झाकायला कीबोर्डखाली रंगीबेरंगी दिवे लावले! माझ्या शेजारी एक बुटका बसायचा. किंमत तीच. स्क्रीन लहान पण लख्ख, कार्ड तेच पण भरपेट जेवणारं. दिवे मात्र नव्हते, म्हणून त्याच्याकडे कोणी ढुंकून बघायचं नाही.

माणसं निवड कशी करतात, बाप रे! कोणी टरबूज वाजवावं तसं माझ्या झाकणावर टिचक्या मारायचं. कोणी उचलून वजन बघायचं, जसा काही मी किलोवर मिळतो. ‘अभ्यासासाठीच हवाय’ असं मुलगा सांगायचा, आणि आई दिव्यांचे रंग बघून नाक मुरडायची. आत काय आहे ते फार थोडे विचारायचे.

ती तिघं आली तेव्हा दुकानात गर्दी नव्हती. बाबा, मोठा मुलगा आणि धाकटी मुलगी. मुलगी त्याला दादा म्हणायची, म्हणून मीही त्याला दादाच म्हणतो. तिला घरात बबडी म्हणतात, कॉलेजात जाते तरी. आई बबडी लहान असतानाच गेली, त्यामुळे घरात तिघंच.

बाबा आणि दादा एकाच गोदामात कामाला. बाबा आलेला माल मोजून घ्यायचे, दादा माल उचलायची गाडी, फोर्कलिफ्ट, चालवायचा. दादा नुकताच नोकरीत कायम झाला होता. त्यासाठी डोळे तपासले होते म्हणे, आणि यानं तक्त्यावरची सगळ्यात खालची बारीक ओळसुद्धा घडाघडा वाचून दाखवली होती. बाबा ते सेल्समनलाही सांगत होते. ‘पोरानं शिक्षण सोडून घर सांभाळलं हो. लहानपणी दोघं भावंडं त्या जुन्या कॉम्प्युटरवर खेळायची, तो मोडला तो मोडलाच. आता त्याला चांगलाच घेऊन द्यायचाय.’

बबडी सगळा अभ्यास करून आली होती. तिनं सरळ बुटक्यावर बोट ठेवलं. ‘बाबा, हा. कार्डाला वीज जास्त मिळते, मेमरी पुढे वाढवता येते, आणि स्क्रीनला उजेड चांगला आहे.’ दादाही बुटक्यासमोरच उभा होता. त्याच्यावरून त्याची नजर हलत नव्हती. ‘मलाही हाच आवडला,’ तो म्हणाला.

‘एवढासा?’ बाबांचा चेहराच उतरला. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. ‘हा बघा! याला म्हणतात स्क्रीन!’

‘थिएटर आहे साहेब, थिएटर!’ सेल्समननं संधी साधली.

‘बाबा, याचा स्क्रीन मोठा आहे पण अंधारा आहे,’ बबडी चिडली. ‘दादा, सांग ना तू.’

दादानं बाबांकडे पाहिलं. बाबा माझ्या स्क्रीनवरून हळुवार हात फिरवत होते. आयुष्यात स्वतःसाठी एक चांगला शर्ट न घेतलेला माणूस तो, आणि किती हौसेनं माझ्याकडे बघत होता. ‘हाच घेऊ,’ दादा म्हणाला. ‘मोठ्यावर नीट दिसेल.’

बबडी घरी येईपर्यंत त्याच्याशी बोलली नाही.

बुटक्यावरून त्याची नजर का हलत नव्हती, ते मला दुसऱ्याच दिवशी समजलं. घरात कोणी नसताना त्यानं मला उघडलं. मला वाटलं गेम लावेल. त्यानं गेम लावला नाही. त्यानं शोधायला टाकलं, की डोळ्यांच्या कडेनं दिसायचं बंद होत गेलं तर ते थांबवता येतं का. मी जे सापडलं ते पुढे ठेवलं. त्याला डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, तेच त्यात होतं. नजर कडांकडून आत मिटत येते. समोरचं बारीक अक्षर दिसतं, पण शेजारचा माणूस दिसत नाही. औषध नाही. तो बराच वेळ ते वाचत बसला, मग सगळं पुसून टाकलं.

म्हणजे बघा. ज्याला फक्त मधलं दिसतं, त्याला लहान स्क्रीन हवा. सगळं त्याच्या नजरेत मावलं असतं. आणि त्याच्या नशिबी आलो मी, हा एवढा मोठा! मला माझ्याच अंगाची लाज वाटली.

संध्याकाळी कामावरून आला की तो आणि बबडी खेळायला बसायचे. किल्ल्याचा दरवाजा राखायचा, दोघांनी मिळून. शत्रू चहूबाजूंनी यायचे. समोरून आलेल्याला दादा सहज टिपायचा. कडेनं आलेला मात्र त्याचा गळा कापून जायचा, तरी याला पत्ता नाही.

‘अरे डावीकडे! डावीकडे बघ ना, झोपलायस का?’ बबडी ओरडायची.

‘दमलोय गं आज,’ तो हसायचा.

रोज दमलेला. गेममध्ये आपला जीव किती उरलाय ते वरच्या कोपऱ्यात दिसतं, तेही हा कधी बघायचा नाही. तिला कळावं म्हणून मी पंखे जोरात फिरवले. ‘हा फारच तापतो, मी म्हणत नव्हते?’ एवढंच बबडी म्हणाली.

मग तिनं एक खोडी काढली. दादाचा लहानपणी फ्रॉक घातलेला फोटो होता. आईनं हौसेनं काढलेला, आणि दादाला तो अजिबात चालायचा नाही. बबडीनं तो माझ्या स्क्रीनवर वरच्या डाव्या कोपऱ्यात चिकटवून टाकला, चांगला तळहाताएवढा. आता हा बोंब मारेल म्हणून ती दाराआड तोंडावर हात धरून उभी. दादा आला, बसला, मधल्या चित्रावर दाबून गेम सुरू केला. काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. तिला वाटलं रागावला. शेवटी तिलाच राहवेना.

‘दादा, फोटो कसा वाटला?’

‘कुठला फोटो?’

ती हसली. तो हसला नाही. ‘कुठला गं?’ त्यानं पुन्हा विचारलं, आणि मान हळूहळू फिरवत स्क्रीन शोधायला लागला. हरवलेली सुई शोधावी तसा. कोपऱ्यापर्यंत पोचला तेव्हा बबडीचं हसू कधीच मावळलं होतं.

‘दादा, तू फोर्कलिफ्ट चालवतोस,’ ती कशीबशी म्हणाली.

‘मान फिरवून बघतो मी. सवय झालीय.’

‘बाबांना सांग.’

‘तुझं कॉलेज संपू दे, मग सांगतो. मी स्वतः सांगतो.’ त्यानं तिचे दोन्ही हात धरले. ‘तू बोललीस तर माझं मेलं तोंड बघशील.’

काय ही शपथ घालायची रीत! समोरच्याचं तोंडच शिवून टाकायचं. बबडी खूप रडली, आणि गप्प बसली. त्यानंतर खेळताना ती ओरडायची नाही. ‘डावीकडे एक आहे, दादा,’ असं हळूच सांगायची. दादा जिंकायला लागला. बाबा दारातून बघून खूश व्हायचे. ‘मोठा घेतला ते बरं झालं की नाही?’

मला त्यांना सांगायचं होतं. पण मला तोंड असून उपयोग काय, माझ्या तोंडून तेच निघतं जे दुसरा कोणी टाइप करतो.

त्या दिवशी बबडी माझ्यावर कॉलेजचं काम करत होती. फोन आला. ती नुसतं ‘काय? कुठे?’ एवढंच बोलली आणि मला उघडाच टाकून धावली. माझी बॅटरी संपेपर्यंत घरात कोणी आलं नाही.

पुढचं मला त्यांच्या तुटक बोलण्यातून समजलं. गोदामात मालाच्या रांगेच्या तोंडाशी बाबा खोकी मोजत उभे होते, दादाच्या डाव्या हाताला. दादानं गाडी वळवली. मान फिरवून बघायची राहिली की बघूनही दिसलं नाही, त्याचं त्यालाच सांगता येत नव्हतं. मागचं चाक बाबांच्या पायावरून गेलं. घोट्यापासून पाय काढावा लागला.

बाबा घरी आले ते कुबड्या घेऊन. चौकशीला आलेल्या साहेबांना त्यांनी दवाखान्यातूनच सांगून टाकलं होतं, ‘चूक माझी. मीच मधे आलो. पोराची काही चूक नाही.’ साहेबांनी मानलं. दादाची नोकरी वाचली. सोमवारी त्यानं पुन्हा फोर्कलिफ्टवर बसायचं ठरलं.

दादा जेवत नव्हता, पण जाणार होता. ‘आता बाबाही घरी बसले. मी नाही गेलो तर खायचं काय?’ हे मी माझ्या कानांनी ऐकलं. बबडी म्हणाली, ‘उद्या दुसऱ्या कोणाचा बाप असेल तिथे.’

रविवारी सकाळी बबडीनं मला खूप दिवसांनी पुसलं. आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात एक फोटो लावला. यावेळी आईचा. साडीच्या पदरानं घाम पुसत हसणारी आई. मग तिनं बाबांना धरून आणलं, टेबलाशी बसवलं, आणि दादाला हाक मारली. ‘दादा, गेम लाव ना. बाबांचा जरा वेळ जाईल.’

दादा येऊन बसला. त्यानं मला उघडलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा खुलला. ‘अरे! हिचा हा फोटो कुठे सापडला तुला?’

‘कोणाचा?’ दादा म्हणाला.

‘कोणाचा काय? हा, समोर.’

‘कुठे?’

त्याचं त्यालाच कळलं, पण उशीर झाला होता. मान फिरायला लागली होती. बाबा त्याच्या मानेकडे बघत होते. फोटोकडे, पुन्हा मानेकडे. मग त्यांनी हळूच आपला हात दादाच्या कानाजवळ धरला आणि बोटं हलवली. दादा समोरच बघत राहिला.

‘मी काही बोलले नाही, बाबा,’ बबडी रडत म्हणाली. ‘मला शपथ घातलीय.’

बाबांनी हात खाली घेतला. ‘दुकानात गेलो होतो, तेव्हापासून आहे हे?’

दादानं मान डोलावली.

‘आणि मी तुला मोठा घेऊन दिला.’

‘तुम्ही इतक्या हौसेनं घेत होतात, बाबा.’

बाबांनी दादाचं डोकं ओढून आपल्या छातीशी धरलं. दादा मोठमोठ्यानं रडायला लागला. पुष्कळ वेळानं बाबा म्हणाले, ‘उद्या जायचं नाही. साहेबांना फोन लाव, मी बोलतो.’

दादाची नोकरी गेली. बबडीनं कॉलेज सोडलं, एका दुकानात कामाला लागली. मला विकायचं ठरलं होतं, पण बाबा नाही म्हणाले. आता संध्याकाळी बाबा दादाच्या डाव्या हाताला बसतात, कुबड्या भिंतीला लावून. बबडी गेमची चौकट लहान करून देते, अगदी मधोमध. माझा बाकीचा सगळा स्क्रीन काळा. दर थोड्या दिवसांनी ही चौकट ती आणखी थोडी लहान करते. ‘डावीकडे एक आहे रे,’ बाबा सांगतात. दादा टिपतो.

लॅपटॉप घ्यायला जाल तेव्हा माझी एवढीच विनंती आहे. कार्ड बघा, मेमरी विचारा, दिव्यांना भुलू नका. पण त्याच्यासमोर जो बसणार आहे, त्याला बाजूला घेऊन विचारा, तुला काय दिसतं रे बाबा? आणि तो खरं बोलेपर्यंत पैसे देऊ नका.

माझे पंखे आता झिजलेत, मीही फार दिवसांचा नाही. पण दादाला मधलंही दिसेनासं होईल अशी एक संध्याकाळ येईल, तोवर मला टिकायचं आहे. दादा येऊन बसेल, माझ्याकडे तोंड करेल आणि विचारेल, ‘बबडे, लावलास का गं?’ तेव्हा मी लागलेला असेन.