विटलेला जांभळा

मित्रांनो, माझ्या अंगावर एकशे चौऱ्याण्णव रंग आहेत आणि त्यांतला एक खोटा आहे. तो खोटा कसा झाला आणि त्यापायी दोन माणसांना काय सोसावे लागले, ते आज तुम्हाला सांगतो.

मी रंगपंखा. नावावर जाऊ नका, मला हलवून कोणाला वारा घालता येत नाही. जाड कागदाच्या एकशे चौऱ्याण्णव लांबट पट्ट्या एका टोकाला पितळी स्क्रूने बांधल्या, की झालो मी. प्रत्येक पट्टीवर एकच रंग, त्याचा नंबर आणि मधोमध एक गोल भोक. फूल किंवा फळ त्या भोकाखाली धरायचे. पट्टीचा रंग आणि भोकातून दिसणारा रंग एकमेकांत मिसळले, भोक जणू विरघळून गेले, की तो नंबर वहीत लिहायचा. एवढेच माझे काम.

माझा जन्म एका छापखान्यातला. तिथे शाई कालवणारे एक आजोबा होते. त्यांनी एकेका जांभळ्यासाठी आठ-आठ दिवस घालवले. थेंबभर निळी, चिमूटभर तांबडी, पुन्हा थेंबभर निळी. मला खोक्यात भरताना ते म्हणाले होते, "याला उजेडात बघा, पण उजेडात ठेवू नका." खोक्यावर तसे छापलेही होते. खोके मात्र पहिल्याच आठवड्यात रद्दीत गेले.

मला आणले होते वाण तपासणी केंद्रात. लांबलचक टेबल, पोलादी पट्टी, तराजू, बियांची कागदी पाकिटे आणि पश्चिमेला मोठी खिडकी. खिडकीबाहेर वाफेच वाफे. मित्रांनो, कोणी वर्षानुवर्षे निवड करून एखाद्या पिकाचा नवा वाण तयार केला, तर त्याला तो आपल्या नावावर नोंदवता येतो. मग ठरावीक वर्षे त्याला विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणाला त्याचे बी विकता येत नाही. पण आधी तो वाण खरोखर वेगळा आहे का, हे कोणीतरी पाहायला हवे. ते आमच्या केंद्रात पाहत. पानांची लांबी, खोडावरची लव, फळाचे वजन, सगळे मोजायचे आणि शेवटी रंगासाठी मला उघडायचे.

मला उघडणाऱ्या होत्या बाई. केंद्रातले सगळे त्यांना नुसते बाईच म्हणत. सकाळच्या सावलीत, हात स्वच्छ धुऊन त्या मला हळूच पसरत. भोकात कधी कोवळी भेंडी यायची, कधी वाटाण्याचे फूल, आणि त्या क्षणी मला वाटायचे, की माझ्या अंगातूनच ते फूल उमलते आहे. काम नसेल तेव्हा माझे सगळे रंग कपाटात एकमेकांना बिलगून पडलेले असत. मग पिवळा हिरव्यात उतरायचा, हिरवा निळ्यात, आणि मला मोहरीची शेते दिसायची, कधीही न पाहिलेला समुद्र दिसायचा. केंद्रात माझा शब्द शेवटचा होता. दोघांचे एखाद्या छटेवरून वाजले, की तिसरा म्हणायचा, "भांडताय कशाला? पंख्याला विचारा."

त्या कौतुकाने मी जरा फुगलोच होतो.

मग एका उन्हाळ्यात बाईंचे वडील आजारी पडले आणि त्या लांबच्या रजेवर गेल्या. टंकलेखकाच्या टेबलावर छताच्या पंख्याने कागद उडायचे. त्याने मला कपाटातून काढले, अर्धवट उघडे खिडकीपाशी ठेवले आणि माझ्या वजनाखाली कागद दाबले. तो वाईट माणूस नव्हता. त्याला वजन हवे होते आणि मी वजनदार होतो, बस्स.

खरे सांगू का? मला ते ऊन आवडले. कपाटात कधी न मिळालेली ऊब रोज दुपारी येऊन माझ्या तेवढ्याच उघड्या राहिलेल्या सत्त्याहत्तर नंबरच्या पट्टीवर बसायची. मी डोळे मिटल्यासारखा पडून राहायचो. वाटायचे, कोणीतरी अंगावरून हात फिरवते आहे. ऊन लाड करता करता माझ्या अंगातून काही घेऊन जाते आहे, हे मला कळलेच नाही.

बाई परतल्या. वडील गेले होते. त्यांनी मला उचलले, धूळ पुसली आणि कपाटात ठेवले. तेव्हा त्यांचे लक्ष कशातच नव्हते.

दोन वर्षांनी रंगाकाकूंची मिरची आमच्याकडे आली.

रंगाकाकूंनी उभी हयात सूत रंगवण्यात घालवली होती. हातांच्या रेषांत निळा रंग कायमचा मुरलेला, त्यावरून गल्लीने हे नाव ठेवले होते. सूत रंगवायचा कारखाना बंद पडल्यावर त्यांनी फुटक्या पिंपांत माती भरून मिरच्या लावल्या. एका वर्षी एका रोपाला फिकट जांभळ्या मिरच्या लागल्या. काकू त्या रोपासमोर खालीच बसल्या. सुताची लडी रंगात पहिल्यांदा बुडवून वर काढली, की दुसऱ्या बुडीआधी ती क्षणभर अशीच दिसते. तो रंग कोणी विकत घेत नाही, कारण तो मधलाच असतो. काकूंच्या यजमानांचा तो आवडता रंग होता. ते म्हणायचे, "हा इथेच थांबला असता तर!"

त्या मिरचीत तो दहा-अकरा दिवस थांबत होता, मग लाल होत होता. काकूंनी तेच बी धरले. नऊ वर्षे, दरवर्षी, गडद झालेली झाडे उपटून टाकायची आणि नेमक्या रंगाचे झाड ठेवायचे. शेवटी सगळी पिंपे एका रंगाने भरली. त्यांनी त्या वाणाचे नाव ठेवले 'पहिली बुडी' आणि नोंदणीचा अर्ज केला.

अर्ज होताच एका मोठ्या बियाणे कंपनीने हरकत घेतली. त्यांची एक जांभळी मिरची आधीच नोंदवलेली होती. 'या अर्जदार महिलेने आमचेच बी उचलून त्याला नवे नाव दिले आहे,' असे त्यांनी लिहून दिले. म्हणजे आता प्रश्न नुसता नोंदणीचा नव्हता. वाण वेगळा ठरला नाही, तर काकू चोर ठरणार होत्या.

दोन्ही मिरच्या शेजारी शेजारी लावायचा नियम होता. पण त्या हंगामात कंपनीच्या बियांची रोपे वाफ्यातच कुजली. केंद्राचे साहेब म्हणाले, "त्यांची जुनी नोंद आहे ना वहीत? तिच्याशी ताडून बघा." नोंद होती: कोवळ्या फळाचा रंग, सत्त्याहत्तर. मी नवा कोरा असताना घेतलेली नोंद.

झाडाची उंची जवळपास सारखी निघाली, पाने सारखी, फळाची लांबीही सारखी. राहिला रंग. बाईंनी काकूंची मिरची माझ्या एकेका भोकाखाली धरली. सत्त्याहत्तरवर आल्या आणि थांबल्या. भोक विरघळले.

मी ओरडायचा प्रयत्न केला. माझा सत्त्याहत्तर आता सत्त्याहत्तर राहिला नव्हता. उन्हाने तो दोन छटांनी उतरला होता. पण कागदाला कुठला आवाज? बाईंनी आकडा लिहिला.

निकाल कळवायला त्यांनी काकूंना बोलावले. त्यांना टपालाने कळवले असते तरी चालले असते, पण बाईंना ते बरे वाटले नाही. काकू आल्या, खुर्चीच्या कडेवर बसल्या.

"काकू, तुमची मिरची त्यांच्या मिरचीपेक्षा वेगळी निघाली नाही," बाई म्हणाल्या.

"म्हणजे मी चोरली?"

"तसं मी म्हणत नाही. पण कागद तसंच म्हणतील."

काकूंनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग म्हणाल्या, "कशावरून ठरवलंत ते मला दाखवाल का?"

बाईंनी मला उघडले आणि सत्त्याहत्तरखाली मिरची धरली. काकू पुढे वाकल्या. मग न विचारताच त्यांनी माझ्याकडे हात नेला आणि ती पट्टी खिडकीच्या बाजूला वळवली. त्यांचे निळे बोट स्क्रूजवळ येऊन थांबले. तिथे शेजारच्या पट्टीच्या सावलीत एक चिंचोळा, गडद तुकडा उरला होता. नखाएवढा.

"बाई, हा कागद विटलाय."

"काकू, हा प्रमाण रंग आहे. सगळीकडे हाच वापरतात."

"असेल प्रमाण. पण उन्हाला कोण सांगणार, की हा प्रमाण आहे, याला हात लावू नकोस?" काकूंनी पट्टीचा तो भाग पुढे धरला. "हा बघा मूळचा. आणि हा आत्ताचा. चाळीस वर्षं विटलेलं सूत परत रंगवून दिलंय मी. माझी मिरची या विटलेल्याशी जुळतेय. मूळच्याशी कुठे जुळतेय?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांनी मिरची आधी त्या गडद तुकड्याशी धरली, मग उरलेल्या पट्टीशी. मला वाटले, आता मला मिटतील आणि विषयही मिटवतील. तसे करणे सोपे होते. काकूंच्या बाजूने बोलणारे दुसरे कोणीच नव्हते.

बाई म्हणाल्या, "काकू, तुम्ही चहा घेणार का? मला जरा वेळ लागेल."

मुख्य कार्यालयात माझाच एक भाऊ काळ्या कापडात गुंडाळून ठेवलेला होता. दुसऱ्या दिवशी तो आला. आम्हा दोघांना सावलीत शेजारी शेजारी उघडले. मित्रांनो, आपलाच चेहरा तरुणपणीचा दिसावा, तसे मला झाले. त्याचा सत्त्याहत्तर दाट आणि शांत होता. काकूंची मिरची तिथे अजिबात जुळली नाही. ती जुळली एकोणऐंशीवर, अगदी बेमालूम.

साहेबांनी सुटकेचा निःश्वास सोडला. "चला, दुरुस्ती करून टाका. प्रकरण संपलं."

"संपलं नाही, साहेब. गेल्या दोन वर्षांत जांभळ्या रंगाच्या आणखी सहा तपासण्या मी याच पंख्याने केल्यात."

"एका मिरचीपायी सहा फायली उघडायच्या? लोक काय म्हणतील आपल्याला?"

"जे म्हणायचं ते म्हणू देत. खाली सही माझी आहे."

बाईंनी सहाही फायली उघडल्या. पाच निकाल होते तसेच टिकले. सहावा टिकला नाही. एका माळ्याने फिकट जांभळे वांगे तयार केले होते आणि माझ्या शब्दावर ते 'वेगळे नाही' म्हणून परत गेले होते.

बाई स्वतः त्याच्याकडे गेल्या आणि मला बरोबर घेऊन गेल्या. माळी एका शाळेच्या आवारात कुंपण छाटत होता. बाईंनी सगळे सांगितले, काही लपवले नाही. त्याने कात्री खाली ठेवली, हात पँटला पुसले आणि मला घेतले. गडद तुकडा पाहिला, विटलेली पट्टी पाहिली.

"मी ती झाडं उपटून टाकली, बाई," तो म्हणाला. "बीसुद्धा ठेवलं नाही."

"इतक्या लगेच का हो?"

"मला रोज तो रंग वेगळा दिसायचा. तुमचं पत्र आलं तेव्हा वाटलं, आपल्यालाच दिसत नसणार नीट. त्यानंतर मी कुठल्याच झाडाकडे तसं बघितलं नाही."

मित्रांनो, त्याच्या हातात मी फार जड झालो होतो. एक वाण गेला, तो कदाचित पुन्हा करता आला असता. पण मी एका माणसाचा त्याच्या स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास घेऊन टाकला होता, आणि तोही माझ्या नकळत, उन्हात सुखाने पडल्या पडल्या.

बाईंनी पिशवीतून एक पाकीट काढले. अर्जाबरोबर आलेले नमुन्याचे बी केंद्राच्या थंड कपाटात ठेवलेले असते. त्यातले हे तीस दाणे होते. "उगवतील की नाही सांगता येत नाही," त्या म्हणाल्या.

नऊ उगवले.

काकूंच्या 'पहिल्या बुडी'ची नोंदणी त्याआधीच झाली होती. कंपनीने हरकत मागे घेतली, दिलगिरीच्या दोन ओळीही पाठवल्या. काकूंनी त्या वाचून शेजारणीला दाखवल्या आणि मग मिरच्यांना पाणी घालायला गेल्या.

मला आता कामावरून काढले आहे. माझ्या वरच्या पट्टीवर 'वापरू नये' असा शिक्का आहे. मी काळ्या पिशवीत असतो आणि नवीन तपासनीस आले, की बाई मला बाहेर काढून आधी सत्त्याहत्तर नंबर दाखवतात. मला त्याची लाज वाटत नाही. इतकी वर्षे मी खरे सांगितले; आता मी कसा चुकलो तेही खरेच सांगतो.

नऊ झाडांना वांगी धरली त्या सकाळी बाई नवा पंखा घेऊन माळ्याच्या वाफ्यात बसल्या. नव्याजुन्याचा फरक माळ्याला दिसावा म्हणून मीही होतो. बाईंनी नवा पंखा हातात घेतला, पण उघडला नाही.

"आधी तुम्ही सांगा," त्या माळ्याला म्हणाल्या. "तुम्हाला कसा दिसतो?"

मित्रांनो, मोजणाऱ्या वस्तूंना जपा. तराजू असो, घड्याळ असो, माझ्यासारखा कागद असो, त्यांना सावलीत ठेवा आणि अधूनमधून त्यांचीही परीक्षा घ्या, कारण आम्ही बिघडलो तर आम्हाला ते सांगता येत नाही. आणि ज्याने एखादे झाड वर्षानुवर्षे डोळ्यांत तेल घालून वाढवले आहे, त्याला आमच्याआधी विचारा.

माळी वांग्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मग अगदी हळू आवाजात, पण न अडखळता, तो बोलू लागला.