प्रवेशाची पडताळणी

"ह्याच्यावर विद्यापीठाचं नाव कुठी आहे?" शीलानं माहितीपत्रक उलटसुलट करून पाहिलं. "नुसते फोटोच फोटो आहेत."

"शेवटच्या पानावर असंन," पोळी लाटता लाटता मिताली म्हणाली.

शेवटच्या पानावर नकाशा होता.

टेबलावर तीन ठिकाणचे कागद पसरले होते. नागपूरचा नाट्यशास्त्रातला दोन वर्षांचा एम.ए., पुण्याचा तसाच दोन वर्षांचा, आणि मुंबईतल्या एका खासगी अकादमीचा एका वर्षाचा 'पदव्युत्तर अभिनय अभ्यासक्रम'. पहिल्या दोन्हींची माहिती साध्या कागदावर प्रिंट काढलेली. तिसऱ्याची जाड, गुळगुळीत, रंगीत.

शीला दारव्ह्याच्या एका कॉलेजात परीक्षा विभागाची हेडक्लार्क होती. बोरी अरबहून रोज एसटीनं जायची. शिक्क्याची फिकी शाई, सहीचा वेगळा उतार, आसनक्रमांकातला जास्तीचा आकडा, सव्वीस वर्षांत तिच्या नजरेतून काही सुटलं नव्हतं. नवरा, चारुदत्त, वारल्यापासून ती नजर घरातही तशीच फिरू लागली होती.

"मले तर अकादमीच बरी वाटते," मिताली म्हणाली. "एका वर्षात सारं काम शिकवतात. एम.ए.त अर्धा वेळ लेखी पेपरातच जाते."

"अन् मंग? त्याच्यावर नेटच्या परीक्षेले बसता येते का? कॉलेजात शिकवता येते का?"

"मले शिकवायचं नाही, आई. नाटक करायचं आहे."

"आवाज कायले वाढवून राह्यली? विचारलं फक्त."

मितालीनं आवाज वाढवला नव्हता. पण शीलाच्या मनात पाल चुकचुकली. गेलं वर्षभर याच पोरीनं विद्यापीठाच्या एम.ए.चा जप लावला होता. आता एकाएकी अकादमी कुठून आली?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं तिन्हीकडे फोन लावले. नागपूरचा सारखा व्यस्त लागला. पुण्याच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, आधी व्हिडिओवर सादरीकरण, मग फोनवर मुलाखत, मग यादी. मुंबईचा पहिल्या रिंगला उचलला गेला.

"प्रवेश परीक्षा?"

"काही नाही, मॅडम. फोटो पाठवा फक्त."

"विद्यापीठाची मान्यता?"

"प्रक्रियेत आहे, मॅडम."

हे वाक्य शीलाला पाठ होतं. ऐन प्रवेशाच्या दिवसांत पहिल्या रिंगला फोन उचलणारं ऑफिसही तिनं आजवर पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी मितालीची बॅग धुवायला घेतली, तर आतल्या कप्प्यात नागपूरचं एसटीचं तिकीट सापडलं. तारीख मागच्या महिन्यातली. त्या दिवशी मिताली मैत्रिणीकडे यवतमाळला गेली होती, निदान सांगून तरी तसंच गेली होती. तिकीट धरून शीला मोरीजवळ उभी राहिली. नागपुरात कोण आहे? कोणी पोरगा असेल? अकादमीचाच कोणी असेल? तिनं तिकीट वाळवून आपल्या पर्समध्ये ठेवलं. विचारलं काहीच नाही.

अकादमीच्या पत्रकात माजी विद्यार्थ्यांचे फोटो होते. एकाखाली लिहिलं होतं, 'संगीता, ढाणकी'. शीलानं ठरवलं, साक्षीदारच गाठायचा. रविवारी ऑफिसातल्या एकीच्या घरचं लग्न आहे असं सांगून ती पहाटेच्या गाडीत बसली आणि दोन गाड्या बदलून सकाळी दहाच्या सुमारास ढाणकीला उतरली.

पानठेल्यावरच्या माणसानं फोटो पाहिला. "ही तं अमरसिंगची संगीता. तांड्यावर जा."

संगीता अंगणात बैलांना कुटार टाकत होती. तिची आई, रूपीबाई, पाण्याचा तांब्या घेऊन आली, पण तो पुढे करण्याआधी तिनं शीलाला नखशिखांत न्याहाळलं. "सर्व्हेवाल्या हाय का तुमी?"

"नाही वो. बोरी अरबहून आली मी. माझ्या मितालीले शिकायचं आहे. ह्या अकादमीत."

संगीतानं पत्रक पाहिलं आणि हसली. "माझा फोटो अजून छापून राह्यले? मले विचारलंबी नाही."

"फसवलं ना तुले?" शीला पुढे सरकली.

"सर्टिफिकेट कुठीच चालत नाही, काकू. सरकारी नोकरीची भरती निघाली तवा फाईल घेऊन गेलती. पहिल्याच खिडकीतून वापस केलं." तिनं कुटाराची टोपली खाली ठेवली. "पण एक सर होते तिथं. श्वास कसा घ्यायचा, नुसतं उभं कसं राहायचं, ते त्यायनं शिकवलं. ते काही खोटं नव्हतं."

हे कुठल्या रकान्यात टाकावं, शीलाला कळेना.

"पण मी सारं सांगतलं होतं तुमच्या मितालीले," संगीता म्हणाली. "बोरी अरबची तेच ना?"

"मितालीले? कधी?"

"फेसबुकवर शोधून दोनदा फोन केला तिनं. एकदा नागपूरच्या यादीत नाव नाही आलं तवा, मंग पुण्याच्या. लय रडत होती. म्हणे, परीक्षा नसलेली हे एकच जागा उरली. म्हणे, आईले कसं सांगू? आई म्हणंन, खोट तुझ्यातच आहे."

"संगीता!" रूपीबाई ओरडली. पण बोलून झालं होतं.

शीला पाणी प्यायली. परतीच्या गाडीत ती पर्स मांडीवर घट्ट धरून बसली. आतलं तिकीट तिनं पुन्हा काढून पाहिलं नाही.

घरी पोचली तेव्हा दिवेलागण होत होती. चपला काढता काढताच तिनं विचारलं, "नागपूरले काय करून दाखवलं होतं?"

मितालीचा हात काडीपेटीवर थांबला. "मीच लिहिलं होतं," ती म्हणाली.

"करून दाखव."

"आता?"

"आता."

मिताली स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली. तिनं एक खांदा किंचित पाडला, पदर नव्हता तरी तो सावरला आणि समोर नसलेल्या खिडकीत वाकून ती बोलू लागली. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला मागणारी बाई. आतला माणूस एकेक झेरॉक्स कमी असल्याचं सांगतो. बाई दरवेळी "बरं साहेब" म्हणते, तिसऱ्या वेळी तिला नवऱ्याचं पूर्ण नावच आठवत नाही. ती खिडकी शीलाला ओळखू आली. चारुदत्तच्या वेळची. तेव्हा मिताली नववीत होती, पिशवी धरून मागे उभी.

बाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. संपल्यावर मितालीनं ते पुसलं.

शीला सहीकडे बघावं तशी त्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तिला काही ठरवता येईना.

"हे रडू खरं होतं का?"

"माहीत नाही, आई. तिथल्या परीक्षकांनीबी हेच विचारलं होतं."

"तू काय सांगतलं?"

"खरं होतं म्हटलं."

शीला खुर्चीवर बसली. "काहून नाही सांगतलं मले?"

"तू तपासलं असतं."

रात्री दोघींनी खिचडी खाल्ली. ताटं उचलताना शीला म्हणाली, "अकादमी नाही." मिताली हूं म्हणाली. "आज ढाणकीलेच गेलती मी. तिच्या सरायनं शिकवलं ते शिकायले संगीताकडे जात जा. शनिवार-रविवार. मी बोलते तिच्याशी."

वर्षभर मिताली ढाणकीच्या गाड्या धरत राहिली. तांड्यावर मुक्काम करायची, बैलांना कुटारही टाकायची. कधी गाडी चुकली, कधी भांडून परत आली. पुढच्या जूनमध्ये तिनं पुन्हा दोन्हीकडे सादरीकरण दिलं. पुण्याच्या यादीत नाव नव्हतं. नागपूरच्या यादीत शेवटून दुसरं होतं.

प्रवेशाच्या कागदांत एक प्रतिज्ञापत्र जोडायचं होतं, मधलं वर्ष शिक्षणात खंड का पडला याचं. शीलानं ते आपल्या हातानं लिहायला घेतलं.

"घरगुती कारण लिही," मिताली म्हणाली. "सारे तेच लिहितात."

शीलानं पेनाचं टोपण काढलं. तिच्या वळणदार अक्षरात तिनं सावकाश लिहिलं : 'दोन्ही ठिकाणी निवड झाली नाही. वर्षभर सराव केला.' मग तारीख टाकली, पालकाच्या रकान्यात पूर्ण नावाची सही केली आणि शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घालत बसली.