कादंबरीत नसलेला जिना

कादंबरीची पानं एकशे ब्याण्णव. गोष्ट एका आठवड्याची. माणसं चार: नायिका, तिचा बॉस, वरच्या मजल्यावरचा शेजारी आणि पार्सल आणणारा. नायिका मोठ्याने जी वाक्यं बोलते ती मी पेन्सिलीने खुणा करत मोजली. त्रेसष्ट भरली, त्यातली एकवीस पार्सलवाल्याशी. हल्लीच्या कादंबऱ्यांत काही घडतच नाही, अशी तक्रार पूर्वी मीही करायचे. मग नोकरीसाठी या शहरात आले आणि एक आठवडा स्वतःची वाक्यं मोजून पाहिली. माझा आकडा तिच्याहून कमी निघाला.

मी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासते. दादा दुसऱ्या शहरात एका विमा कंपनीत आहे. आई गेल्यापासून आमचे फोन ‘जेवलीस का’ आणि ‘तब्येत बरी ना’ एवढ्यावर आले होते. म्हणून मीच सुचवलं, दोघांनी एकच पुस्तक वाचायचं, आठवड्याला वीस पानं, आणि रविवारी सकाळी त्यावर बोलायचं.

पाच रविवार दादा सगळ्याला ‘मस्त जमलंय’ म्हणत होता. शेजाऱ्याचा कुत्रा मेला, तेही मस्त जमलं होतं.

बोलायला हे एवढंच निमित्त उरलेलं. तेही खोटं निघालं तर रविवारही गेला, हे मला कळत होतं. तरी राहवेना. आमच्याकडे शंका आली की नमुन्यांच्या रांगेत एक बाटली निव्वळ शुद्ध पाण्याची ठेवतात. तिच्यात एखाद्याला क्षार सापडले, की त्याने न मोजताच आकडे लिहिलेत हे उघड होतं. मी तशी बाटली ठेवली.

“तो जिन्याचा प्रसंग कसा वाटला?” मी विचारलं. “ऑफिसात सगळे कानात हेडफोन घालून जेवतात, म्हणून ती चौथ्या मजल्याच्या जिन्यात जाऊन डबा खाते, तो.”

असा प्रसंग पुस्तकात कुठेही नाही.

“मस्त जमलाय,” दादा म्हणाला.

चोर सापडला होता. मी तोंड उघडणार, तोच तो पुढे म्हणाला, “पण जिन्यात कशाला बसते ती? लोक ये-जा करतात, सारखे पाय आवरून घ्यावे लागतात. गाडीत बसावं. काचा वर केल्या की कोणी काही विचारत नाही.”

“तुला काय माहीत?”

“अगं, दीड वर्ष मी तेच करतोय. वॉचमनला वाटतं, साहेबांना महत्त्वाचा फोन असतो रोज.” तो हसला. मला हसू आलं नाही.

“वहिनीला माहीत आहे?”

“तिला कशाला सांगू? डबा धुऊनपुसून रिकामा नेतो, म्हणजे प्रश्नच नाही.”

मग मी सांगून टाकलं. “दादा, तो प्रसंग पुस्तकात नाहीये.”



“म्हणजे परीक्षा घेत होतीस होय गं माझी?”

“हो.”

“नापास. बाविसाव्या पानावर अडकलोय मी. दिवसभर जे करायचं, तेच घरी येऊन पुन्हा वाचायचं? छातीत कसंतरी होतं.” जरा थांबून तो म्हणाला, “पण काय गं शास्त्रज्ञबाई, हा जिना तू आणलास कुठून? शाळेत तुझे निबंधसुद्धा मी लिहून द्यायचो.”

मी पुस्तक मिटलं.

“कितव्या पायरीवर बसतेस?” त्याने विचारलं.

“सहाव्या. भिंतीच्या बाजूला.”

“किती वाजता?”

“एक दहाला.”

“बरं,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

सोमवारी एक वाजून दहा मिनिटांनी त्याचा फोन आला. चौदा मिनिटं चालला. त्यातली साडेतीन मिनिटं आम्ही बोललो, बाकीची जेवलो.