मनगटाचा पट्टा

डुलुथ गावातल्या त्या दुरुस्तीच्या दुकानात कामाची वाटणी पक्की होती. कॉम्प्युटर व्हर्नाचे, आणि काचेच्या नळीचे जुने ढेरपोटे मॉनिटर तिच्या मोठ्या भावाचे, लायलचे. कॉम्प्युटरवाल्यानं मनगटाला पट्टा बांधायचा आणि त्याची तार जमिनीला जोडायची, म्हणजे अंगातली वीज नाजूक चिपला जाळत नाही. मॉनिटरवाल्यानं मात्र पट्टा काढूनच हात घालायचा, आणि दुसरा हात खिशात. त्या काचेच्या नळीत हजारो व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. पट्टा म्हणजे त्यांना छातीतून जायला आयती वाट. व्हर्नाला हे तोंडपाठ होतं, हेच तर दुर्दैव!

सोमवारी ती आजारी होती. लायलनं तिचं काम उरकायला घेतलं आणि पट्ट्यावाचून गिऱ्हाइकाचा बोर्ड जाळला. दुसऱ्या दिवशी ती कडाडली, "हात आहेत की फावडी? उद्यापासून पट्टा काढलास तर याद राख!"

"बरं, आईसाहेब," लायल हसला. त्याच्या पट्ट्याची तार तुटलेली होती. ती त्यानं, झटका अडवणारा आतला भाग गाळून, साध्या तारेनं जोडली आणि पट्टा खरंच काढला नाही.

गुरुवारी ती जेवून आली, तर लायल चालू मॉनिटरपाशी आडवा पडलेला. डावा हात नेमाप्रमाणे खिशात होता. पण पट्टा त्याच मनगटावर होता, आणि तार खिशातून निघून जमिनीला जोडलेली. लायलचं हृदय आधीच अधू होतं, त्यामुळे डॉक्टरांनी हृदय बंद पडलं एवढंच सांगितलं. सगळ्यांना पटलं.

शनिवारी चर्चच्या तळघरात बायका अंत्यविधीनंतरच्या जेवणाची हॉटडिशची भांडी गरम करत होत्या. लायलची बायको आर्लीन व्हर्नाला वर शवपेटीपाशी घेऊन गेली. तिनं पर्समधून पट्टा काढला.

"इस्पितळात दिला हा. शेवटी तुझं ऐकलं गं त्यानं! तीस वर्षं माझं एक ऐकलं नाही गाढवानं." ती चक्क हसली. "तुझ्याच हातानं बांध."

मीच मारलं गं त्याला, हे व्हर्नाच्या अगदी ओठांवर आलं. बोलून टाकलं असतं तर आर्लीननं चार शिव्या घातल्या असत्या, जीव जरा हलका झाला असता. पण तीन दिवसांत पहिल्यांदाच त्या बाईचा चेहरा निवळला होता. तिचा तेवढाही आधार काढून घ्यायचा? वाकून व्हर्नानं तो थंडगार हात उचलला आणि पट्टा बांधू लागली. तिनं तो करकचून आवळला.

"एवढा घट्ट नको गं," आर्लीन म्हणाली. "दुखेल त्याला."